लाल गाडीतली किरकिर

परतुरात कुणाच्या गाडीत आवाज यायला लागला की लोक म्हणायचे, सुग्रीवला बसवा. तो काही मेकॅनिक नव्हता. आष्टी रोडला त्याचं सीट कव्हरचं दुकान, शिलाईवर बायको आशाबाई. पण चालत्या गाडीत डोळे मिटून बसला की कुठली क्लिप सैल झाली ते तो बसल्या जागी सांगायचा. त्याची अट एकच, गाडीवाल्यानं आवाजाचं नाव सांगायचं. खडखड असेल तर खाली बघायचं, करकर असेल तर प्लॅस्टिक घासतंय, खुळखुळ असेल तर आत काहीतरी पडलंय. "नुसता आवाज येतो" म्हणणाऱ्याला तो सरळ परत पाठवायचा. एवढा तोरा त्याला शोभायचाही.

कापसाच्या व्यापाऱ्याचा सुमित पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला. लालभडक, बुटकी. आपल्याकडच्या रस्त्यांवर असली गाडी म्हणजे निव्वळ हौस. प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिला तिरकी करून चढवावी लागायची.

"काका, दोन आवाज हायेत," तो म्हणाला. "एक खुळखुळ अन् एक किरकिर. डोकं उठलंय नुसतं."

नेहमीची तयारी झाली. एसी बंद, किल्ल्यांचा जुडगा दुकानात, खिशातली चिल्लर बाहेर. आशाबाईनं बांगड्यांवर रुमाल गुंडाळला आणि मागच्या नावापुरत्या सीटवर ती अंग चोरून बसली. सुग्रीव सांगेल तिथं हातानं दाबून धरायचं, हे तिचं काम.

खुळखुळ लगेच सापडली. सुमितच्या आईनं, पुष्पाबाईंनी गाडीची पूजा केली तेव्हाची सुपारी हँडब्रेकच्या फटीतून आत घसरली होती. हळदीकुंकू अजून तसंच होतं. सुमितनं ती कपाळाला लावून खिशात ठेवली, आणि सुग्रीव खूश झाला.

"आता किरकिर," सुमित म्हणाला.

गाडी पुन्हा निघाली. सुग्रीवनं डोळे मिटले. इंजिन ऐकू आलं, टायर ऐकू आले, वारा ऐकू आला. बाकी काही नाही.

"गेली की. त्या सुपारीचीच होती ती."

"काका, आत्ता वाजून राह्यली की!"

सुग्रीवनं मागं वळून पाहिलं. आशाबाईचा हात उजव्या काचेपाशी कधीच जाऊन टेकला होता, त्यानं काही सांगायच्या आत. हे असं याआधीही कितीदा झालं असेल, हे त्याच्या ध्यानात आलं. डोळे उघडले की तिचा हात असेल तिथं त्याचं बोट जात होतं, आणि कौतुक त्याच्या कानाचं होत होतं.

"माझ्या बांगड्या असत्याल," ती घाईनं म्हणाली.

सुमितनं आरशातून त्या रुमालाकडं पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर वळवली. शिवी दिली असती तरी परवडलं असतं. सुग्रीवला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. सीट कव्हर शिवणारे गावात छप्पन होते. तो होता तो कानामुळं.

"थांबव गाडी," तो म्हणाला. "सुमित, मला ती ऐकू येत न्हाई. बिलकुल न्हाई. हिला येती. ही दाखवील तिथं मी काम करतो. चालंल?"

"राहू द्या, काका. जल्दी न्हाई काही. पुण्याला गेलो की दाखवतो तिकडंच."

बोलला अगदी आदरानं. दोघांना दुकानापाशी सोडून तो निघून गेला, आणि त्या आदरानंच सुग्रीवला जास्त लागलं. आशाबाई मशीनवर बसली, पण तिनं पायडल मारलं नाही.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?" त्यानं विचारलं.

तिनं हातातलं कापड सरळ केलं.

"आपल्या छकुलीला दिवाळीत पैंजण आणले," ती म्हणाली. "नात घरभर छुमछुम करत फिरती दिवसभर. अन् तुम्ही मला इचारलं, पोरगी पैंजण का घालत न्हाई म्हणून."