एक वीत माती

आमच्या गोदामाच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या लांबट जागेत, मी रोज सकाळी उकिडवा बसतो. डोक्याला मोटरसायकलचं हेल्मेट, छातीला बायकोने जुन्या गादीतून शिवून दिलेलं जाडजूड कवच आणि डाव्या हातात चामड्याचा भला मोठा पंजा. समोरून माझी मुलगी बेसबॉलचा चेंडू फेकते आणि मी तो झेलतो. निदान झेलावा अशी तिची अपेक्षा असते. माल उतरवायला आलेले ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन कुंपणाशी उभे राहतात. त्यातला एक जण एकदा मला म्हणाला, "सेठ, बेटी से कोई दुश्मनी है क्या?" मी त्याला दोन शब्द सुनावले. मला राग लवकर येतो, हे सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना ठाऊक आहे. गाडी सुटल्यावर मात्र मी एकटाच हसत बसलो.

हा खेळ आमच्या घरात आला तो क्रिकेटने हाकलल्यामुळे. इकडे भिवंडीत, आमच्या खाडीकडच्या गावांत, टेनिस बॉलचं क्रिकेट म्हणजे देवाखालोखाल. पूर्वी भात कापून झालं की शेतात सामने व्हायचे. आता शेतं राहिली नाहीत, तर दोन गोदामांमधल्या मोकळ्या प्लॉटवर होतात, पण होतात. मुलगी लहानपणापासून आळीतल्या मुलांबरोबर खेळायची आणि तिच्या चेंडूला वेग होता. पण तिचा हात कोपरात वाकायचा. एका सामन्यात मोबाईलचं दुकान चालवणारा आमचा शेजारी अंपायर होता. त्याने तिचा प्रत्येक चेंडू नो-बॉल दिला आणि वर माझ्याकडे बघून म्हणाला, "फेकी हाय ही. बॉलिंग न्हाय याला म्हनत." ती घरी आली आणि जेवली नाही. मी शेजाऱ्याकडे जाऊन भांडून आलो. त्याचा काही उपयोग झाला नाही, पण मला बरं वाटलं.

मग तिच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंनी तिला बोलावलं. दगड मारून चिंचा पाडताना त्यांनी तिला पाहिलं होतं. बाई म्हणाल्या, "वाकू दे तुझा हात. मला असाच हात पाहिजे." मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. पण त्यांनी तिच्या हातात बेसबॉल दिला आणि सांगितलं की या खेळात पिचर नावाचा एक खेळाडू असतो, त्याने असंच फेकायचं असतं, आणि अख्खा सामना त्याच्या हातावर चालतो. त्या दिवशी ती पोटभर जेवली. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी आहे. राज्याच्या मुलींच्या संघात पिचर म्हणून उभं राहायचं.

हे सांगायला सोपं आहे. ती दहावी झाली, बारावी झाली, कॉलेजात गेली, आणि तिचं फेकणं इतक्या हळूहळू वाढलं की बाहेरच्या माणसाला काही घडतंय असं वाटलंच नसतं. सुरुवातीला तिचा चेंडू माझ्या पंजात येऊन मेल्यासारखा पडायचा. एक पूर्ण हिवाळा ती फक्त चेंडूच्या शिवणीवर बोटं कशी ठेवायची तेच करत होती. टीव्ही बघताना, जेवताना, आईची बोलणी खाताना. तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडला. खांदा दुखायचा तेव्हा बायको कोमट तेल चोळून द्यायची आणि चोळता चोळता म्हणायची, "कॅरम खेळली असतीस तर काय बिघडलं असतं?" तिची प्रगती सगळ्यात आधी माझ्या तळहाताला कळली. एके दिवशी पंजाच्या आत तळवा झोंबला. काही महिन्यांनी तो सुजला. त्या सुजेचा मला इतका अभिमान वाटला की मी ती ऑफिसात सगळ्यांना दाखवली.

पिचर जिथून फेकतो ती जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जराशी उंच असते. हे तिने घरात सांगितलं आणि माझे वडील खुर्चीतून उठले.

बाबांबद्दल सांगायला हवं. आमची जमीन खारजमीन. खाडीचं पाणी भरतीला आत येऊ नये म्हणून तिला मातीचा बांध घालावा लागतो आणि तो बांध जन्मभर सांभाळावा लागतो. बाबा बांधाचे माणूस होते. बांधाला कुठे खांड पडली, म्हणजे पाण्याने भगदाड पाडलं, की गाव फावडी-घमेली घेऊन धावायचं आणि माती कुठे, किती घालायची ते बाबा सांगायचे. आता जमिनीवर गोदाम आहे. खाडीच्या कडेला तिवरांच्या झाडांपाशी एक पट्टी तेवढी उरली आहे. भाडं येतं, घर चांगलं चाललंय, पण बाबा गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. आई गेल्यापासून तर बोलणंही कमी झालं होतं. मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं आणि काय करावं ते सुचायचं नाही.

"कवरा उंच पायजे, बाय?" त्यांनी नातीला विचारलं.

"एक वीत, आजोबा."

बाबांनी खाडीकडची चिकण माती आणवली. तिच्यात पेंढा मिसळला, पाणी घातलं आणि स्वतः पायांनी तुडवली. कमरेला जुना रुमाल गुंडाळून, चिखलात उभं राहून ते आम्हाला सूचना देत होते, आणि कित्येक वर्षांत त्यांचा आवाज तेवढा मोठा झाला नव्हता. उंचवटा तयार झाला तेव्हा मुलगी म्हणाली, "जरा जास्त झाला का?" बाबा हसले. "बांध बसतो पोरी. वीत पायजे तं दीड वीत घालायचा. मंग वरचेवर भर द्यायची."

त्यांचं खरंच होतं. खारजमिनीत बांध आपल्या वजनाने खाली बसतो, म्हणून वर भर घालावीच लागते. पण आमच्या गोदामामागे मुरूम होता, ट्रक उभे राहावेत म्हणून रोलर फिरवून फिरवून दगडासारखा केलेला. तिथे काहीच बसत नव्हतं. बाबांचा हात मात्र ऐकत नव्हता. सकाळी उठले की चहाच्या आधी एक घमेलं माती. पावसाळ्यात थोडी वाहून जायची, तर दसऱ्याला दुप्पट. घरातलं मूल वाढताना घरातल्यांना कळत नाही, तसा तो उंचवटा वाढला आणि आम्हाला कुणाला कळला नाही. निदान मला तरी.

पहिल्या वर्षी राज्याच्या निवडीला तिला राखीव ठेवलं. सबंध स्पर्धा तिने बाकावर बसून काढली आणि इतरांना पाणी दिलं. दुसऱ्या वर्षी मी तिच्याबरोबर मैदानावर गेलो. तिने फेकायला सुरुवात केली आणि चेंडू कॅचरच्या, म्हणजे समोर बसून झेलणाऱ्या मुलीच्या, डोक्यावरून मागच्या जाळीत. दुसराही जाळीत. वेग असा की बाकीच्या मुली वळून बघत होत्या, पण सगळं वर. पुन्हा राखीव. मी निवड करणाऱ्या सरांना गाठलं आणि म्हणालो, "तुमचा कॅचर बुटका आहे." सर शांत माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरी ती कशावरून फेकते?"

परतीला अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये आमची मोटरसायकल कंटेनरच्या मागे अडकली होती. मी मान वळवून तिला तोच प्रश्न विचारला.

"पप्पा, आपला उंचवटा माझ्या गुडघ्याला येतो," ती म्हणाली. "मैदानावरचा वीतभर आहे. माझा पाय लवकर टेकतो, चेंडू लवकर सुटतो. मला गेल्या वर्षीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आजोबा सकाळी उठून पहिलं काम ते करतात. दुसरं काही काम आहे का त्यांना?"

पुढचा कंटेनर हलला तरी मी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मी घरी जाऊन फावडं घेणार होतो, पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून बजावलं, "तुम्ही काही बोलायचं नाही. मी कॉलेजात सपाट जागेवर सराव करीन." कॉलेजात मैदान आठवड्यातून दोनदा मिळायचं. उरलेले दिवस ती घरी त्या डोंगरावरून फेकत राहिली, आणि मी झेलत राहिलो. इतकी माया असलेली मुलगी माझ्यासारख्या तिरसट माणसाच्या पोटी कशी आली, याचं मला अजून नवल वाटतं.

या वर्षीच्या निवडीला बाबा म्हणाले, "मी पन येतो." त्यांना नाही कोण म्हणणार? आम्ही गाडी केली. मैदानाच्या कडेला त्यांना खुर्ची दिली. मुलगी फेकायला उभी राहिली आणि पहिले दोन चेंडू पुन्हा जाळीत गेले. मग तिने स्वतःला सावरलं, काही चेंडू बरोबर बसले, काही नाही. शेवटी सर तिच्याजवळ आले. म्हणाले, "हात तयार आहे तुझा. पण असा भरवसा नाही ठेवता येणार. शेवटची यादी महिन्याने करणार आहे. तेव्हा ये. तेव्हाही असंच झालं, तर मात्र मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

जेवणाच्या सुट्टीत मैदान रिकामं झालं. मी डबा उघडत होतो. बघतो तर बाबा काठी टेकत मैदानाच्या मधोमध पोचलेले. ते त्या उंचवट्यापाशी वाकले, आपला पंजा ताणून जमिनीपासून वर लावला, आणि तसेच वाकलेले राहिले. मग हळूच येऊन खुर्चीत बसले. भाकरी खाल्ली. घरी येईपर्यंत गाडीत ते आपली वीत ताणून तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागून फावड्याचा आवाज आला. मला वाटलं, रोजचंच. पण भर घालतानाचा आवाज वेगळा असतो. मी मागे धावलो. बाबा उंचवटा फोडत होते.

हे काय होतं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मी लहान असताना गावातल्या एकाने मासळीच्या लोभाने बांध फोडला होता. खारं पाणी आत शिरलं, शेतं कित्येक वर्षं पिकली नाहीत, आणि त्याच्या घरच्या लग्नाला गावातलं कुत्रंही फिरकलं नाही. आमच्यात याहून मोठं पाप नाही. बाबांनी आयुष्यभर माती वरच चढवली होती. आता ते घाव घालत होते आणि प्रत्येक घावानंतर थांबत होते.

मी फावडं घ्यायला गेलो. "हात लावू नको," ते म्हणाले. "मी चढवलाय, मीच उतरवीन."

मुलगी दात घासत बाहेर आली आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बोललीस का न्हाय, बाय?"

ती मातीत त्यांच्याशेजारी बसली आणि दोन्ही हातांनी सुटलेली माती ओढायला लागली. बाबांचे डोळे भरले होते. माझेही. ऊन वर येईपर्यंत उंचवटा वीतभर उरला. उरलेली माती बाबांनी घमेल्याने खाडीकडच्या पट्टीवर नेऊन तिथल्या बांधाला लावली.

तो महिना मी विसरणार नाही. सुरुवातीला तिचे चेंडू कुठेही जात होते. एकदा तर कुंपणाबाहेर चहा पिणारे ड्रायव्हर ग्लास टाकून पळाले. मग हळूहळू चेंडू माझ्या हेल्मेटवरून छातीवर आले, छातीवरून गुडघ्यावर. ती सुधारत होती आणि बाबा पुन्हा गेटजवळच्या खुर्चीत बसत होते. सकाळी मागे येऊन हात पाठीशी बांधून उंचवट्याभोवती एक फेरी मारायचे आणि परत जायचे. मातीला हात लावायचे नाहीत. घमेलं भिंतीशी पालथं पडलेलं असायचं. मुलीचं चांगलं होतंय याचा आनंद आणि बाबांचं ते घमेलं, दोन्ही मला एकाच वेळी दिसायचं आणि मी उगाच कामगारांवर ओरडायचो.

शेवटच्या निवडीला बाबा आले नाहीत. म्हणाले, "मी तिकडं दिसलो तं ती माझा इचार करंल." मलाही त्यांनी घरीच थांबवलं. दुपारी फोन वाजला. मुलगी रडत होती की हसत होती ते मला कळेना. "पप्पा, घेतलं," ती म्हणाली. "पिचर म्हणून घेतलं. उद्यापासून इथेच शिबिर आहे. आजोबांना द्या."

मी फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आजोबा," ती म्हणाली, "एक काम आहे. फेकताना माझा डावा पाय जिथे पडतो ना, तिथे खड्डा होतो. इथे माणूस ठेवलाय, तो रोज तेवढाच खड्डा चिकण मातीने भरतो आणि ठोकून घेतो. आपल्याकडे कोण भरणार?"

बाबांनी फोन आणखी तोंडाजवळ नेला.

"आजोबा, ऐकताय ना? मी येईपर्यंत नीट करून ठेवा. पण उंची वीतभरच हां."

"माझी वीत का तुझी?" बाबांनी विचारलं.

"तुमची."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, कमरेला रुमाल गुंडाळला आणि मागे जाऊन पालथं घमेलं सुलटं केलं.