तार न करणारा ड्रेसरमामा

आजाऱ्याच्या घरी गेल्यावर ड्रेसरमामा आजाऱ्याकडे आधी पाहतच नसे. जी बाई त्याचं करत असेल तिला विचारी, "जेवली काय तू?" ती हो म्हणाली तरी चुलीपाशी जाऊन भांड्यात डोकावायचा.

तो कुणाचाच सख्खा मामा नव्हता. गोंदियाच्या एका दवाखान्यात वर्षानुवर्षं जखमांवर पट्ट्या बांधून तो केशोरीला परतला होता, म्हणून ड्रेसरमामा. आजाऱ्याच्या घरात खोटं बोलत नाही, ही त्याची ख्याती. लोक त्याच्या तोंडाला भीत, पण बोलावत त्यालाच.

मी नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या वर्षी बाबांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठले की ओकारी, मग उजवा हात लुळा, मग शब्द सापडेनात. गावानं बाहेरचं आहे म्हणून त्यांच्यावरून कोंबडं उतरवलं. मामानं मात्र बाबांना नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत कर्करोगाची गाठ आहे, उपाय नाही. हे माझ्या तोंडून निघेना. मामानंच घरी जाऊन आईला सांगितलं, "बाई, हे बरं होनार नाही. त्याले तरास कमी कसा होईल, तेवढं पाहू."

आजारानं बाबांचा स्वभाव फिरला. भरवायला गेलं की ते डाव्या हातानं आईला मारत. मामा म्हणे, "तो मारून नाही राहिला, गाठ मारून राहिली. पन लागते तर तुलेच ना? सरक, झोप जा." दुपारी तो स्वतः खाटेपाशी बसे. शेजारणींच्या पाळ्याही त्यानंच लावल्या. एखादी कुरकुरली तर, "उद्या तुया घरी कोन येईल मंग?" बाबांच्या आवडत्या बैलाच्या गळ्यातली घंटी त्यानं त्यांच्या डाव्या हातात दिली. काही हवं असलं की ते वाजवत. तेव्हापासून आईचा डोळा लागू लागला.

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून मला पोस्टकार्ड मामाच लिही. परीक्षेआधी घरी आलो तेव्हा मी त्याचा हात धरून म्हणालो, "मामा, बाबांचं काही खरं दिसेना, तर तार करा. पेपर सोडून येतो." तो म्हणाला, "करतो." एवढ्यावर मी निर्धास्त गेलो. दुसरा कुणी म्हणाला असता तर गेलो नसतो.

कार्डं येत राहिली. शेवटचं होतं, "तब्येत आहे तशीच आहे. पेपर नीट लिही."

पेपर संपवून मी अर्जुनीला गाडीतून उतरलो. स्टेशनावर मामा उभा होता. त्याच्या मागे आमच्या गावचा न्हावी, बगलेत धोकटी. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

थोरला मुलगा मी, आणि अग्नी चुलतभावानं दिला होता. तेराव्यालाही एकच दिवस उरला होता. शेवटच्या कार्डावरचा शिक्का तर बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवसाचा निघाला.

"तार काऊन नाही केली?"

"तुया बापाले इचारलं होतं. पोराले बोलावू काय, हो असन तर घंटी वाजव म्हटलं. त्यानं घंटी मुठीत आवळून धरली."

"आणि कार्ड?"

"ते माया मनचं. ते खोटं मायं."

मी खाली बसलो. न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं.

गावातला पहिला बी.ए. मीच झालो. त्याचा अभिमान मला आजही आहे, आणि तो मान मला कुणाच्या खोट्यावर मिळाला, हेही विसरलेलो नाही. बाबांची ती मूठ नकाराची होती, की हातातलं बळच सरलं होतं? मी असतो तर ओळखलं असतं. ते ओळखण्याचा हक्क मामानं माझ्याकडून काढून घेतला. त्यानंतर आठ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

मग मामाच अंथरुणाला खिळला. मामीनं मला तार केली. वेळेवर पोचली. घरात शिरलो तर मामी दाराशीच बसलेली, केस विस्कटलेले. माझ्या तोंडून निघालं, "मामी, जेवल्या काय?"

आतून खाटेवरून मामाचा आवाज आला, "खोटं सांगन ते. भांडं पाह्य."

मी भांडं पाहिलं. रिकामं होतं. भात शिजवून मामीला वाढला, तिला निजायला पाठवलं आणि खाटेपाशी जाऊन बसलो. मामाला माफ केलं होतं, असं नाही. मामी मात्र दिवस कलेपर्यंत झोपली.