विष्णुपंतांची सुई

१२ जानेवारी २०२४ रोजी चेरीतालच्या नंदाताई पिंपळापुरे यांनी नवऱ्याच्या सी-पेप्टाइड तपासणीचे १,२५० रुपये लॅबमध्ये भरले. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं, ते या तपासणीतून कळतं. विष्णुपंतांना सुईची भारी धास्ती. इतकी वर्षं इन्सुलिन नंदाताईच टोचत आल्या, त्यामुळे त्यांना एक रात्रही घर सोडता येत नसे. आणि मार्चमध्ये नागपूरला लेकीचं, संपदाचं, बाळंतपण होतं.

"अंकल, कुछ खाया तो नहीं?" रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"नाही. फक्त ग्वारीघाटच्या देवळातला पेढा. प्रसाद आहे तो."

"काहून खाल्ला हो?" नंदाताई कडाडल्या.

"अगं, रिपोर्ट चांगला यावा म्हणूनच तर गेलो होतो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला चहासुद्धा न दाखवता लॅबमध्ये नेलं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "शरीर अजून बऱ्यापैकी इन्सुलिन बनवून राहिलंय. सुई हळूहळू कमी करत गोळ्यांवर आणू."

"म्हणजे मार्चमध्ये मी नागपूरला जाऊ?"

"जा की, ताई."

नंदाताईंनी तिथूनच ओमतीचा बाजार गाठला आणि बाळासाठी चार मऊ दुपटी घेतली. सुटे नव्हते. दुकानदाराचे तीस रुपये द्यायचे राहिले आहेत.