खांब नसलेला हॉल

मधुकरच्या निधनाची बातमी मीच लिहिली. दोन कॉलम, फोटोसह. गडचिरोलीहून त्याच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या कार्यालयात होतो. ‘विद्यापीठाच्या दृश्यकला केंद्राचे संस्थापक प्रमुख’ असं मी लिहिलं. त्या पदासाठी आम्ही दोघांनीही अर्ज केला होता, हे अर्थातच बातमीत आलं नाही.

तरुणपणी आम्ही झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचो. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो, तो पडद्यांपाशीच राहिला. हात माझा अधिक सफाईदार होता. हे तोही चारचौघांत सांगायचा. निवड मात्र त्याची झाली. इमारतीची चुन्याने आखणी झाली, त्या दिवशी मी वार्तांकनाला गेलो. मोठ्या हॉलच्या मधोमध खांब दाखवला होता. मधुकरने एका नाटक कंपनीचा राजदरबाराचा जुना पडदा आणून त्या रेघांवर अंथरला आणि अभियंत्याला विचारलं, “साहेब, खांब कुठी येते? राणीच्या डोक्शावर?”

“मुलं टेबलावर चित्रं काढतील ना?”

“पडदा टेबलावर मावते का? खाली पसरून, त्याच्यावर चालून रंगवा लागते.”

नकाशा बदलला. पडदा कसा रंगवतात, हे मलाही ठाऊक होतं. तो उचलून तिथे न्यावा, हे सुचलं त्याला... मला त्याचा हेवा वाटला. हा हेवा नंतर वाढतच गेला. धानोऱ्याकडची मुलंमुली त्याच्याकडे शिकली, त्यांचे पडदे गावोगावच्या मंचांवर लागले, आणि त्या बातम्याही माझ्याच टेबलावर येत राहिल्या.

शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, मी विचारून टाकलं, “माझी निवड झाली असती तर?”

तो खोकत हसला. “तुया हॉलात खांब राह्यला असता बे.”



गेल्या आठवड्यात केंद्रात गेलो. नव्या हंगामाचा पडदा भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला होता. अनवाणी मुली लांब दांड्याचे ब्रश घेऊन त्यावर फिरत होत्या. मीही बूट काढले आणि कोऱ्या भागावरून चालत हॉलच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. मुली मला वळसा घालून रंगवत राहिल्या. शेवटी एकीने ब्रश थांबवला.

“काका, सरका ना थोडे. इथी नदी येते.”