वाकडा पाना सरळ केला!

मंडळी, आज शारजाच्या माझ्या गॅरेजमध्ये रक्त सांडलं.

मॉलमधल्या बर्फात चालणारी स्नोमोबाइल दुरुस्तीला आली होती. सायलेन्सरच्या मागच्या बोल्टपर्यंत फक्त अब्बांचा वाकडा पाना पोचतो. साठच्या दशकात दुबईत, देऱ्याच्या धक्क्यावर लाँचच्या इंजिनासाठी त्यांनी तो तापवून, ठोकून मुद्दाम वाकवला होता.

आज हातात घेतला, तर सरळ!

“भाई, वाकडा झाला होता ना, मीच ठोकून सरळ केला,” मेव्हणा इक्बाल हसत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. कॉलर धरून त्याला शटरवर आपटलं, पाना उगारला. लोकांनी तो हिसकावला म्हणून ठोशावर भागलं.

बोल्ट अजून तिथेच आहे. इक्बालचा दात मात्र निघाला.

आता सांगा, त्याच्या बहिणीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, कुठल्या तोंडाने जाऊ?