पुस्तकमा लिखेल शे

आमची बायको लेकराला पाजायची ती रेल्वेच्या हुकमाने. नशिराबादच्या अलीकडे आमचं शेत, आणि बांधापलीकडून रूळ. गाडी गेली की पाजणार. गाडी नाही तर दूध नाही. पोरगं कितीही बोंबललं तरी ही दारात उभी, कान भुसावळकडे. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून विचारायच्या, "काय व धुळेवाली, सिग्नल पडला का?"

धुळेवाली हे गावाने ठेवलेलं नाव. तिचा बाप धुळ्याला शाळामास्तर. त्याने तिला चौथीपर्यंत शिकवलं होतं. मी दुसरीतच पाटी ठेवून औताला गेलेला, त्यामुळे घरात शहाणं कोण याचा वाद आमच्यात कधी झाला नाही.

पहिलं लेकरू आमचं बसायला लागलं आणि गेलं. कशाने गेलं ते कोणी सांगू शकलं नाही. माझी आई म्हणाली, नजर लागली. ही दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि येताना डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली एक पुस्तक घेऊन आली. आईबापांनी मुलं कशी वाढवावीत, याचं. हे लेकरू हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात. आईने नजरेला उतारा म्हणून पोराचं नाव दगडू ठेवलं. हिने चालू दिलं, कारण पुस्तकात नावाबद्दल काही नव्हतं. बाकी कशालाही कोणी आडवं आलं की बोट वर करून माहेरच्या बोलीत सांगायची, "पुस्तकमा लिखेल शे!" की संपलं.

त्यात लिहिलेलं की दूध दर तीन तासांनी, घड्याळ पाहून. गावात घड्याळ एकच, पाटलाकडे, तेही बंद. म्हणून या गाड्या. त्यात लिहिलेलं की मुलाशी बोबडं बोलू नये. मग ही पाळण्यातल्या दगडूला म्हणायची, "दगडूराव, आपण आता झोपावं." शाळा तपासायला साहेब आल्यासारखं. त्यात लिहिलेलं की मुलाला मोकळ्या हवेत न्यावं. भर वैशाखात ती त्याला घेऊन निघाली तेव्हा मी दारात आडवा झालो. म्हटलं, "लिहिणाऱ्याला जळगावचा उन्हाळा दाखव, मग ने." त्या दिवशी तेवढं ऐकलं.

खरी जुंपली ती कापूस वेचणीत. आमच्याकडे तेव्हा बायका वेचणीला निघाल्या की लेकराच्या जिभेवर अफूची बारीक गोळी ठेवायच्या. लेकरू झाडाखाली झोळीत गप पडून राही. माझ्या आईने मलाही तशीच दिलेली. पुस्तकात या गोळीला विष म्हटलेलं. हिने आईला झोळीला हात लावू दिला नाही.

एक दिवस गाडी आलीच नाही. पाचोऱ्याकडे मालगाडी रुळावरून उतरली होती, हे नंतर कळलं. ऊन चढलं. दगडू रडून रडून निळा पडला. ही बांधावर उभी, रुळाकडे डोळे, आणि अंगावरची चोळी दुधाने भिजलेली. आई डबी उघडून गोळी घेऊन आली. "पोऱ्याले भूक लागली त गाडीची वाट कायले पाह्यतं व? दूध नाही देत त हे तरी दे. पह्यला गेला, आता ह्याले बी मारतं का?"

मी हातातला कापूस तसाच धरून उभा. पहिल्याचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे.

हिने आईकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. मग मटकन खाली बसली आणि पोराला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. पदर सारखा करत म्हणाली, "पुस्तक लिखनारना गावले गाडी टाइमवर येत व्हई."

आई हसली. सुनेपुढे ती हसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "तू गाडी सोड, मी गोळी सोडते." आणि डबी रुळाच्या खडीत भिरकावून दिली.

दगडू जगला. त्याच्या पाठची तीनही जगली. मग त्याच गल्लीतल्या बायका आपली लेकरं घेऊन आमच्या ओट्यावर पुस्तक ऐकायला येऊ लागल्या. लेकरू रडेल तेव्हा द्यावं, असं ही आपल्या बोलीत मोठ्याने वाचायची, "लेकरू जवय रडी तवय देवानं." मी एकदा बोट ठेवून, अक्षर जुळवत ते पान काढलं. तिथे तीन तासच होते. म्हटलं, "हे कुठे लिहिलंय?" म्हणाली, "मी सांगी राह्यनू ना, मंग?"

यंदा ती आजारी पडली. दगडूची बायको त्याच वेळी बाळंतीण. तिने जळगावहून नवं पुस्तक आणवलेलं, चित्रांचं. हिने पडल्या पडल्या सगळं वाचून घेतलं. सुनेकडे पाहत म्हणाली, "हाई बी चांगलं शे. एक दिवस हिनी बी गाडी चुकी, तवय समजी." डॉक्टरने तिला थोडी थोडी पेज वेळेवर द्यायला सांगितलेलं. मी वाटी घेऊन बसलो की तोंड फिरवायची. एकदा मी बोट वर करून म्हटलं, "पुस्तकमा लिखेल शे." इतकी हसली की पेज सांडली. त्याच आठवड्यात गेली.

आता माझं जेवणावर मन नाही. सून घड्याळ पाहून ताट आणते, मी म्हणतो, "गाडी जाऊ दे." इंग्रजांची लढाई चालू, गाड्या पलटणी नेण्यात गुंतलेल्या, त्यांना काही धरबंध नाही, त्यामुळे हे निमित्त मला पुष्कळ पुरतं. परवा अंधार पडला तरी गाडी आली नाही. सून कडेवर पोर घेऊन ताट तसंच धरून उभी राहिली.

"आबा, जेवा."

"भूक नाही मला."

"भुकेचं कोण विचारतंय? सासूबाई काय सांगायच्या? रडी तवय देवानं." आणि तिने ताट माझ्यापुढे ठेवलं.

मी डोळे पुसले. भाकर अजून गरम होती. जेवलो.