मांडवाला उभी राहिलेली डोलकाठी

बातमी आली तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. टेमघरच्या नाक्यावर दाढी करायला बसलो होतो. पुतण्या विलास चपला न काढता दुकानात शिरला आणि म्हणाला, "काका, चला. काकी गेली." नामी, माझी बायको. सकाळी मला चहा देऊन, जरा पाठ टेकते म्हणून आडवी झालेली बाई... मी उठलो. समोर आरसा होता. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. मी परत बसलो आणि न्हाव्याला म्हणालो, "तेवढी पुरी कर." अशा तोंडानं रस्त्यानं कसं जायचं, लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. विलास माझ्याकडं बघत दारातच उभा राहिला. नंतर रिक्षात बसल्यावर गालावरून हात फिरवला, दाढी गुळगुळीत झालेली होती.

तेराव्याला कर्णिक मॅडम, आमच्या गोदामात एकदा होड्या ठेवलेल्या बाई, मुंबईहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नामीबद्दल तुम्ही लिहा, मी पेपरच्या पुरवणीत छापायला देते." मी म्हणालो, माझं शिक्षण चौथी. तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा. बोलायलासुद्धा मला लाज वाटते, हे त्यांना कुठं ठाऊक. आमच्या घरात बोलायचं खातं नामीकडं होतं.

मी पहिल्यापासून असाच. बँकेत सही करताना मागं कोण उभं आहे ते बघणारा. चारचौघांत जेवताना पोट भरलं नसलं तरी हात धुणारा. आणि पदरी पडली ही. हसली की तीन घरं पलीकडं ऐकू जायचं. एसटीत शेवटच्या बाकावरून पुढच्या बाईला विचारायची, "काय गो, तुझी सून नांदायला आली का?" मी खिडकीतून बाहेर बघत बसायचो, जसा काय ह्या बाईचा मी कोणीच नाही. तिला ते कळायचं. उतरल्यावर म्हणायची, "चला पावणं, आमच्या घरी चाय घेऊन जा." आम्हाला मूल झालं नाही. विलास आणि त्याची बहीण, माझ्या भावाची ही दोन पोरं, तीच आमची.

अंजूरला आमचं भाताचं खाचर होतं. सगळ्यांनी गोदामं बांधली तसं आम्हीही एक बांधलं. कधी कापडाचे तागे यायचे, कधी पंखे. पाच-सहा वर्षांमागं एक एजंट कर्णिक मॅडमना घेऊन आला. साठीच्या बाई, उन्हानं रापलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी आणि त्यांच्या पाच मित्रमंडळींनी मिळून परदेशातून शिडाच्या सहा नव्या होड्या मागवल्या होत्या, कॅटामरान म्हणतात त्या. दोन लांबट होड्या शेजारी-शेजारी, मध्ये दांडे, दांड्यांवर ताणून बांधलेलं जाळीचं कापड, आणि मधोमध ॲल्युमिनियमची उंच डोलकाठी. आम्ही आपलं जोडहोडी म्हणायचो. सगळं सुटं, एका कंटेनरमध्ये बंदरातून इथं यायचं होतं. मग रविवारी सहाही मालकांनी जमून, एकमेकांना हात देत सगळ्या होड्या एकदा जोडून बघायच्या, काय कमी-जास्त आलंय ते ताडायचं, आणि मग ट्रकवर घालून समुद्राला न्यायच्या. मॅडम म्हणाल्या, "होडी जमिनीला टेकता कामा नये. ओरखडा चालत नाही. आम्ही येऊ तेव्हा सगळं मांडून तयार पाहिजे." मी शब्द दिला, "मॅडम, एक खिळा इकडचा तिकडं होणार नाही."

मी शब्द दिला आणि तयारी नामीनं केली. आळीत दारोदार फिरून तिनं जुन्या गोधड्या गोळा केल्या. "होड्यांची बालंतपनं हायेत आमच्याकडं," असं सांगून. हमालांनी होड्या उतरवल्या त्या थेट गोधड्यांवर. पांढऱ्याशुभ्र, पातळ फोमच्या कागदात गुंडाळलेल्या होड्या, आणि खाली कुणाची सोलापुरी चादर, कुणाचं फाटकं नऊवारी. नट-बोल्टांच्या पिशव्या आल्या होत्या, त्या तिनं होडीगणिक वेगळ्या परातीत ठेवल्या. पराती पुतणीच्या लग्नासाठी आणलेल्या. लग्न सोमवारी, हळद रविवारी. त्याच रविवारी.

शनिवारी मी नामीच्या थोरल्या बहिणीला हळदीसाठी आणायला वज्रेश्वरीला गेलो. शेवटची गाडी चुकली, मुक्काम पडला. रविवारी सकाळी मेहुणीला घेऊन अंजूरच्या वळणावर रिक्षातून उतरलो आणि समोर बघतो तर भावाच्या दारात मांडव. मांडवाच्या चारही कोपऱ्यांवरून चकचकीत खांब वर गेलेले, कापडाच्या दुप्पट उंच, आभाळात नुसते चमकतायत. एका खांबाला उंबराची डहाळी, आंब्याचा टाळा, हळदकुंकू... होड्यांच्या डोलकाठ्या होत्या त्या. आणि गोदामासमोर मोटारी उभ्या होत्या. मालक मंडळी येऊन पोचली होती.

माझे कान गरम झाले. मेहुणी म्हणाली, "मांडव लय उंच घातलाव रे दाजी." मला रस्त्यातच बसावंसं वाटलं.

झालं होतं असं की तिथीला लग्नं फार, मंडपवाल्याचे बांबू दुसरीकडं अडकले. संध्याकाळ झाली तरी दारात मांडव नाही, पोरगी रडायला लागली. तेव्हा नामीनं गोदाम उघडलं. पोरांकडून चार डोलकाठ्या आणवल्या, प्रत्येकीला कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वरून दोर घेतला. त्यातल्या एकीला मुहूर्तमेढ केलं, पूजा केली.

एक तरुण मालक चिडून बोलत होता, "आमच्या डोलकाठ्यांवर मांडव? गोदाम दिलंय का लग्नाचा हॉल?" मी हात जोडले. "चूक झाली साहेब, चूक झाली," तेवढंच परत परत. नामी हळदीचं ताट घेऊन बाहेर आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "आवो, हात काला जोडता? चोरी केली काय आपन?" मग मॅडमकडं वळली. "बाय, ह्या काठ्या उभ्या रायलाच केल्यात ना? वारा खायलाच केल्यात. एक रात उभ्या रायल्या. बघा, कुठं वरखडा आला असंल तर माना सांगा." आणि स्वतःच एका काठीची पट्टी सोडून दाखवायला लागली. मॅडमनी काठीवरून हात फिरवला. तेवढ्यात पुतणी दारात आली, पिवळं नेसलेली, डोळे भरलेले. मांडव हळदीआधी उतरला तर अपशकुन, हे तिला कुणी सांगायला लागत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "बांबू कुठं मिळतील?"

विलास टेम्पो घेऊन भिवंडीत धावला. दुपारी बांबू आले. मग जे झालं ते आमच्या गावात अजून सांगतात. मांडव उतरवायचा नाही, काठ्या मात्र काढायच्या. ज्या कोपऱ्याची काठी काढायची तिथं आमची चार माणसं आणि होडीवाली दोन, अशांनी मांडव हातांवर तोलून धरला. एक काठी सरकवली की तिच्या जागी बांबू. खाली बायका हळदीची गाणी म्हणतायत, नवरीला हळद लागतेय. तो चिडलेला साहेबही हात वर करून उभा होता आणि नामी त्याला म्हणत होती, "धर दादा, नीट धर, तुझ्या लग्नाला आमी धरू." तोही हसला. तीन काठ्या अशा निघाल्या. चौथी मेढ होती. पूजलेली मेढ लग्न लागेपर्यंत हलवत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "ही माझ्या होडीची. राहू दे."

संध्याकाळी आमच्या गोदामासमोर पाच शिडं उभी राहिली. मॅडमची होडी दुसऱ्या दिवसापर्यंत बोडकी. मंडळी पंगतीला बसली. मी वाढायला गेलो नाही. गोदामात जाऊन रिकाम्या पराती एकात एक घालत बसलो. त्यांच्यापुढं मान वर करायची हिंमत नव्हती. नामी तिथं आली, म्हणाली, "लोक जेवून खूश झालं. तुमी कोनाच्या मयताला बसलाव?"

सगळे गेल्यावर ती होड्यांवरचा तो फोमचा कागद गोळा करायला लागली. मी म्हणालो, "टाक तो. मोठ्या माणसांचा कचरा उचलते म्हणतील." तिनं ऐकलं नाही. धुतला, वाळवला, दोन लुगड्यांच्या मध्ये घालून गोधडी शिवली. हलकी झाली आणि ऊबदार. पण कूस वळली की आतून चुरचुर वाजायची. पाहुणे आले की मी ती कपाटावर टाकायचो. पाहुणे गेले की नामी काढायची.

नामी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकांनी रीतीप्रमाणं तिचं अंथरूण बांधून खाडीच्या बांधावर नेऊन टाकलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. राख सावडून आम्ही परतत होतो, सगळी भावकी बरोबर, ओट्यावर अर्धा गाव बसलेला. बांधावर चिखलात ती गोधडी दिसली. कडेची शिवण उसवली होती, आतलं पांढरं बाहेर आलं होतं. मी वाट सोडून खाली उतरलो. विलास मागून हळू आवाजात म्हणाला, "काका, न्हाय घेत ती परत. लोक बघतायत." बघत होते. कान तसेच गरम झाले, मान वर होत नव्हती. मी गोधडी उचलली, काखेत मारली आणि त्या सगळ्यांच्या समोरून घरी घेऊन आलो. चालताना ती चुरचुर वाजत होती.

तेराव्याला मॅडम आल्या तेव्हा गोधडी दोरीवर वाळत होती. त्यांनी हात लावून बघितला, आतला कागद ओळखला. म्हणाल्या, "माझ्या डोलकाठीवर तळाशी हळदीचा डाग अजून आहे." मी त्यांना बसायला घडीची खुर्ची दिली. गोधडी आत नेली नाही, तिथंच राहू दिली.

उसवलेली कड मी शिवली, वेडीवाकडी. आता रोज तीच घेतो. कूस वळलो की वाजते. नामीला वाजलेलं चालायचं. मी अजून हळूच वळतो.